केंद्रकाचा मणी नसलेला अणू : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात यंदा नववीकडे अणूचा विषय आला आहे. २८ फेब्रुवारीपर्यंत वेळ आहे. शाळेच्या कपाटातून जुन्या प्रतिकृती काढून टेबलावर मांडल्या. थर्माकोलचा गोळा, भोवती तारेची कडी, कड्यांवर ओवलेले मणी. मुलांनी मन लावून केलेल्या आहेत, इलेक्ट्रॉनची संख्याही बरोबर आहे. पण ही प्रतिकृती पाहून जो घरी जातो, त्याच्या मनात अणूचे रूप म्हणून तारेची कडी बसतात, आणि पुढे बारावीत गेल्यावरही ती निघत नाहीत.

म्हणून वर्गात बोलून ठरवले : हायड्रोजन करायचा. केंद्रक म्हणजे एक प्रोटॉन, आणि एक इलेक्ट्रॉन, बस्स. १९२६ साली श्रोडिंगरने समीकरण मांडले आणि त्याच वर्षी मॅक्स बॉर्नने त्याचा अर्थ संभाव्यतेच्या भाषेत लावला, तेव्हापासून जो अणू विज्ञानाला माहीत आहे, तो करायचा. त्यात इलेक्ट्रॉनला ठरलेली वाट नाही, म्हणून कडे घालायचे नाही. आणि जे काही ठेवू ते मापाने ठेवू.

मागच्या बाकावरून प्रश्न आला, “मग सर, दिसणार काय?” तो तसाच फळ्यावर लिहून ठेवला आहे. प्रदर्शन होईपर्यंत पुसायचा नाही असे वर्गप्रतिनिधीला सांगितले.

११ जानेवारी, शनिवार

सकाळची शाळा. दहानंतर मैदान मोकळे मिळाले.

प्रोटॉनची त्रिज्या ०.८४ फेम्टोमीटर आहे. मीटरचे एकावर पंधरा शून्ये इतके भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक फेम्टोमीटर. प्रत्येक माप एकावर बारा शून्ये इतक्या पट वाढवले, की प्रोटॉनचा व्यास १.७ मिलिमीटर होतो. घरून मोहरी आणली होती. मुलींनी मोजपट्टीवर दाणे ठेवून त्यातल्या त्यात मापाचा एक निवडला आणि पांढऱ्या कागदावर डिंकाने चिकटवला. मैदानाच्या एका टोकाला वीट ठेवून तिच्यावर तो कागद ठेवला.

याच मापात इलेक्ट्रॉन सापडण्याची सर्वांत जास्त शक्यता असलेले अंतर ५३ मीटर येते. पीटीच्या सरांकडची लांब टेप घेतली, चुना टाकला. चुन्याच्या रेषेवर उभे राहून वळून पाहिले तर वीट दिसते, कागद नुसता पांढरा वाटतो, मोहरी दिसण्याचा प्रश्नच नाही.

त्यानंतर जे सांगितले त्यावर वर्ग थोडा वेळ बोललाच नाही. ५३ मीटर ही हद्द नव्हे. इलेक्ट्रॉन सापडण्याची नव्वद टक्के शक्यता आत घ्यायची तर त्रिज्या १४१ मीटर धरावी लागते. आमचे मैदान तिथवर पुरत नाही; कंपाउंडची भिंत, तिच्यामागचा रस्ता आणि पलीकडची घरांची रांगही त्यात येते. तिथेही अणू संपत नाही, शक्यता फक्त विरळ होत जाते. आणि हायड्रोजनचे ९९.९ टक्क्यांहून जास्त वस्तुमान त्या विटेवरच्या दाण्यात आहे, कारण प्रोटॉन इलेक्ट्रॉनच्या १,८३६ पट जड आहे.

प्रदर्शनादिवशी हीच मांडणी मैदानावर ठेवायची. चुन्याच्या रेषेचा गोल मात्र काढायचा नाही. गोल काढला की पुन्हा कडे झाले.

१९ जानेवारी, रविवार

आज मुख्य काम झाले : ठिपके कुठे टाकायचे याची रीत.

कल्पना साधी आहे. हायड्रोजनच्या अणूत इलेक्ट्रॉन कुठे आहे हे हजार वेळा तपासले, दर वेळी अणू मूळ, म्हणजे सर्वांत कमी ऊर्जेच्या, स्थितीत होता, आणि जिथे सापडला तिथे एक ठिपका दिला, तर ठिपक्यांचा जो ढग बनेल तो आपण करायचा. ठिपके मनाने टाकायचे नाहीत. हाताने टाकले की माणूस नकळत सारख्या अंतरावर टाकतो, आणि निसर्गाचा विस्कटलेपणा निघून जातो.

केंद्रकापासूनचे अंतर काढायला एक सुंदर युक्ती आहे. शून्य ते एकमधल्या तीन यादृच्छिक संख्या घ्यायच्या, त्यांचा गुणाकार करायचा, त्याचा नैसर्गिक लॉग घ्यायचा आणि उणे अर्ध्याने गुणायचे. जे उत्तर येते ते बोरच्या त्रिज्येच्या पटीत अंतर. बोर त्रिज्या म्हणजे मैदानावरचे ते ५३ मीटर. दिशेसाठी आणखी दोन संख्या : एकीवरून वरखालीचा कोन (त्याची कोसाइन उणे एक ते एकमध्ये सारखी पसरलेली हवी), दुसरीवरून आडवा कोन. संगणक खोलीतल्या स्प्रेडशीटमध्ये एक ओळ म्हणजे एक ठिपका. हजार ओळी खाली ओढल्या आणि झाले.

हे चालते का, याची पडताळणी मुलांकडूनच करून घेतली. सिद्धान्ताप्रमाणे हजारातले ३२३ ठिपके एका बोर त्रिज्येच्या आत, ४३९ एक ते दोनमध्ये, १७६ दोन ते तीनमध्ये आणि ६२ त्यापलीकडे पडायला हवेत. प्रत्येक वेळी शीट नव्याने चालवली की आकडे थोडे हलतात, पण याच आसपास फिरतात. एका मुलीने मग स्वतःहून अंतरांची सरासरी काढली. ती दीडच्या जवळ आली. तिला सांगितले की सरासरी बरोबर दीडच यायला हवी, तर ती पुन्हा पुन्हा शीट चालवून बघत बसली. रविवार असून बारा वाजले तरी उठेना.

२५ जानेवारी, शनिवार

उद्यमनगरात लेसर कटिंगच्या दुकानी गेलो. आराखडा असा : २४ सेंटीमीटर चौरस अ‍ॅक्रिलिकच्या ११ पाट्या, दोन-दोन सेंटीमीटर अंतराने एकामागे एक उभ्या. बोर त्रिज्या म्हणजे चार सेंटीमीटर. प्रत्येक पाटी आपल्या आजूबाजूच्या दोन सेंटीमीटर जाडीतले ठिपके अंगावर घेते. मधल्या पाटीवर साधारण २४२ ठिपके येतात, तिच्या दोन्ही बाजूंना १८४, मग १०३, ५१, २३ आणि शेवटच्या दोन पाट्यांवर दहा-दहा. तीस-पस्तीस ठिपके पाट्यांच्या बाहेरच पडतात. ते टाकून न देता त्यांची संख्या फलकावर लिहायची.

दुकानातल्या दादांनी पहिलाच सल्ला कामाचा दिला : कास्ट अ‍ॅक्रिलिक घ्या. त्यावर लेसर मारला की ठिपका पांढरा, दुधी उठतो. दुसऱ्या प्रकारच्या शीटवर तो फिकट आणि पारदर्शक राहतो. कडेने एलईडीची पट्टी लावली की प्रकाश पाटीच्या आत शिरतो, सपाट भागातून बाहेर येत नाही, आणि जिथे खरवडले आहे तिथेच बाहेर फुटतो. नमुन्याच्या तुकड्यावर चार ठिपके मारून त्यांनी मोबाइलच्या टॉर्चसमोर धरला. ठिपक्याच्या कडा बारीक दातेरी होत्या आणि मध्ये खोलगट. प्रकाश त्या खळग्यात अडकून चमकत होता. अर्धा मिलिमीटर व्यास पुरे असे ठरवले.

मग त्यांनी विचारलेच, “सर, मधी काय बसवायचं? छर्रा हाय माझ्याकडं, बेरिंगचा. चमकंल झकास.”

त्यांना हिशेब दाखवला. बोर त्रिज्या चार सेंटीमीटर असेल तर प्रोटॉनची त्रिज्या मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी येते. आमच्या अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्यातही असे शेकडो प्रोटॉन एका रेषेत मावतील. छर्रा बसवला तर तो केंद्रकाच्या नव्हे, इलेक्ट्रॉनच्या ढगाच्या मापाचा होईल, आणि बघणाऱ्याची नजर त्याच्यावरच खिळेल. दादांनी आकडे पाहिले, छर्रा परत डबीत टाकला आणि म्हणाले, “मग मोकळंच ठेवा की. इचारलं कुणी तर सांगता येतंय.” प्रकल्पाचे नाव तिथेच ठरले.

२ फेब्रुवारी, रविवार

गुजरीत, म्हणजे इथल्या सराफ बाजारात गेलो. केंद्रक आहे हे माणसाला कळले सोन्याच्या पत्र्यामुळे, आणि कोल्हापुरात राहून त्या प्रयोगाचा फलक सोन्याशिवाय लावणे मला पटेना. मूर्तीला लावायचा सोन्याचा वर्ख एका दुकानात मिळाला. दुकानदार काकांनी पातळ कागदाच्या घडीतून तो चिमट्याने उचलला; श्वास लागला तरी सुरकुततो. दोन काचांमध्ये धरून ट्यूबलाइटकडे बघितले तर पिवळे सोने आरपार हिरवट-निळसर दिसले. असा वर्ख साधारण शे-दीडशे नॅनोमीटर जाड असतो, म्हणजे अणूंचे काही शे थर. काका इतकी वर्षे या धंद्यात आहेत, पण वर्खातून उजेडाकडे आज पहिल्यांदाच बघितले म्हणाले, आणि मुलाला आतून हाक मारून दाखवले.

मँचेस्टरमध्ये गायगर आणि मार्सडेन यांनी १९०९ साली धातूंच्या पातळ पत्र्यांवर अल्फा कण सोडले. सोन्याच्या सुमारे ४०० नॅनोमीटर जाडीच्या पत्र्यात २०,००० कणांमागे एखादा कण सरासरी ९० अंशांत वळला. बाकीचे जवळजवळ सरळ गेले. जे. जे. थॉमसनने इलेक्ट्रॉन शोधल्यावर सुचवलेला, धनप्रभार सगळीकडे पसरलेला अणू खरा असता, तर एवढे वळण शक्य नव्हते. १९११ मध्ये रदरफर्डने उत्तर दिले : सगळा धनप्रभार आणि जवळजवळ सगळे वस्तुमान मध्यभागी, अतिशय थोड्या जागेत आहे.

मैदानावरच्या मापात सोन्याचे केंद्रक १४ मिलिमीटरची गोटी होते. तिच्यात ७९ प्रोटॉन आणि ११८ न्यूट्रॉन. शेजारच्या अणूची गोटी २८८ मीटरवर. हे अंतर मी गुजरीतून पावलांनी मोजत चाललो. वाटेत गर्दी, हातगाड्या, थांबलेल्या रिक्षा, आणि मनात सारखे हेच की वर्खातले दोन शेजारी अणू घट्ट चिकटलेले असूनही त्यांच्या केंद्रकांमध्ये एवढे अंतर आहे.

रंगाबद्दल एक गोष्ट फलकावर घालायचीच आहे. सुट्या अणूला पिवळा, पांढरा असा वस्तूसारखा रंग नसतो. तो ठरावीक तरंगलांबीचा प्रकाश घेतो आणि सोडतो. धातूचा रंग असंख्य अणूंचे इलेक्ट्रॉन मिळून ठरवतात. हुपरीची चांदी पांढरी आणि गुजरीतले सोने पिवळे, कारण सोन्याच्या केंद्रकाचा प्रभार इतका मोठा आहे की आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या निम्म्याहून अधिक वेगाच्या घरात जातात. तिथे सापेक्षतेचा परिणाम दुर्लक्षून चालत नाही. त्याने इलेक्ट्रॉनच्या पातळ्या सरकतात, सोने निळा प्रकाश शोषते आणि उरलेला पिवळसर परत पाठवते. चांदीला तसेच करायला अतिनील प्रकाश लागतो, म्हणून दिसणारा सगळा प्रकाश ती परत पाठवते. आइन्स्टाइनचा सिद्धान्त कोल्हापुरी साजात डोळ्यांनी दिसतो, हे नववीच्या पोरांना कळलेच पाहिजे.

८ फेब्रुवारी, शनिवार

पाट्या आल्या. चौकट शाळेच्या सुताराने करून दिली. खिडक्यांना काळे कापड लावून पट्टी पेटवली.

मध्ये दाट, बाहेर विरळ, आणि नेमकी कड कुठेच नाही. डोके थोडे हलवले की पुढचे-मागचे ठिपके एकमेकांवरून सरकतात आणि ढगाला खोली येते. बाजूने पाहिले तर पाट्या वेगवेगळ्या दिसतात, म्हणून प्रेक्षकांना समोरूनच उभे करायचे.

एकाने विचारले, “हजार ठिपके म्हणजे हजार इलेक्ट्रॉन?” हा प्रश्न सगळेच विचारणार. फलकावर पहिली ओळ हीच : इलेक्ट्रॉन एकच, तपासण्या हजार.

दुसरा प्रश्न जास्त खोल होता. ठिपके तर अगदी मध्यभागी सर्वांत दाट आहेत. मग मैदानावर ५३ मीटर कशाला दाखवले? दोन्ही खरे आहे, कारण प्रश्न दोन आहेत. एका ठरावीक लहानशा जागेत इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता केंद्रकापाशी सर्वांत जास्त. पण केंद्रकापासून इतक्या अंतरावर तो असण्याची शक्यता विचारली, तर त्या अंतरावरच्या सगळ्या जागा धराव्या लागतात, आणि बाहेर जाऊ तशी जागा अंतराच्या वर्गाने वाढते. दाटी कमी होते, जागा वाढते. दोन्हींचा गुणाकार एका बोर त्रिज्येवर सर्वांत मोठा येतो. मुलांनी कागदावर एकात एक गोल काढून पट्ट्यांमधले ठिपके मोजले आणि स्वतःच तो आलेख मिळवला. हा तास मला फार आवडला.

१६ फेब्रुवारी, रविवार

शहरातल्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेने हायड्रोजनची विसर्जन नळी (आतल्या वायूतून वीज सोडली की उजळते ती) आणि ग्रेटिंग (प्रकाश रंगांत फोडणारी बारीक रेघांची पट्टी) दाखवायला परवानगी दिली. नळीला जास्त व्होल्टेज लागते, म्हणून ती शाळेत आणायची नाही. मुलांनाच तिकडे नेले.

नळी गुलाबी पेटते. ग्रेटिंगमधून पाहिले की तो गुलाबी फुटून वेगळ्या रेषा होतात : लाल ६५६ नॅनोमीटर, निळसर हिरवी ४८६, जांभळी ४३४. रेषांमधला अंधार मुलांना दाखवावा लागला. सगळे चमकणाऱ्या रेषांकडेच बघत होते.

कड्यांचा अणू आम्ही प्रदर्शनात ठेवत नाही, पण नील्स बोरचा मान ठेवायचा आहे. फिरणारा इलेक्ट्रॉन जुन्या नियमांप्रमाणे ऊर्जा फेकत सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्या आत केंद्रकात कोसळला असता. १९१३ मध्ये बोरने ठरावीक ऊर्जापातळ्या मानल्या आणि या रेषांचे आकडे जमले. तिसऱ्या पातळीची ऊर्जा उणे १.५१ इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूतली ऊर्जा मोजायचे एकक), दुसरीची उणे ३.४०, फरक १.८९, आणि तेवढ्या ऊर्जेचा प्रकाश म्हणजे बरोबर ती लाल रेषा. त्याच्या पातळ्या आजही खऱ्या आहेत. वाटा मात्र राहिल्या नाहीत.

२२ फेब्रुवारी, शनिवार

‘अणूचा फोटो’ या फलकावर आज काम. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर आणि अणू नॅनोमीटरच्या दशांश-दोन दशांश भागाचा, म्हणून साध्या सूक्ष्मदर्शकातून त्याचा आकार कधीच दिसणार नाही. १९८१ मध्ये झुरिचमध्ये बिनिग आणि रोहरर यांनी दुसरी वाट काढली : अतिशय टोकदार सुई पृष्ठभागाजवळ न्यायची आणि फटीतून वाहणारा विद्युतप्रवाह मोजायचा. सुई एक दशांश नॅनोमीटरने दूर झाली तरी प्रवाह सुमारे दहापट घटतो. १९८६ मध्ये त्यांना नोबेल मिळाले. त्या चित्रांतले उंचवटे म्हणजे पृष्ठभागावरची इलेक्ट्रॉनची दाटी. रंग संगणकाने भरलेले असतात.

२०१८ मध्ये गाजलेले ऑक्सफर्डचे छायाचित्रही लावले आहे. दोन मिलिमीटर अंतरावरच्या दोन टोकांमध्ये अडकवलेला स्ट्रॉन्शियमचा एकच प्रभारित अणू, साध्या कॅमेऱ्याने टिपलेला. त्यातला ठिपका अणूच्या आकाराचा नाही, अणूने सोडलेल्या प्रकाशाचा आहे.

आमच्या पाट्यांना सर्वांत जवळचे काम २०१३ चे आहे. नेदरलँड्समध्ये हायड्रोजनच्या उत्तेजित अणूंमधून इलेक्ट्रॉन काढून विद्युतक्षेत्राने पडद्यावर पाडले. एकेका इलेक्ट्रॉनचा एकेक ठिपका, आणि पुष्कळ ठिपके जमल्यावर इलेक्ट्रॉनच्या लहरीतल्या गडद-फिकट पट्ट्या उमटल्या.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

दिवसभर खोली भरलेली. मुलांनी पाळ्या लावून समजावले, मी फक्त दाराशी होतो. मैदानावर मोहरीचा कागद वाऱ्याने दोनदा उडाला.

सर्वांत चांगला प्रश्न एका पालकांनी विचारला. “सर, मी फौंड्रीत हाय. रोज बिडाचं कास्टिंग उचलतोय. तुम्ही म्हणताय आत सगळं मोकळं, मग ते हाताला लागतंय कसं?”

समजावणाऱ्या मुलीने माझ्याकडे पाहिले. मी पुढे झालो, पण तिलाच बोलू दिले, आणि तिने पाट्यांवर बोट ठेवून सुरुवात केली : मोकळे म्हणजे ओसाड नव्हे, हा ढग तिथे आहे. हाताच्या अणूंचा ढग आणि लोखंडाच्या अणूंचा ढग एकमेकांत शिरायला लागले की इलेक्ट्रॉन एकमेकांना ढकलतात. पुढचे मी जोडले. १९२५ मध्ये पाउलीने मांडलेल्या नियमाप्रमाणे दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत. ढग एकमेकांत दाबायचे तर काही इलेक्ट्रॉनना जास्त ऊर्जेच्या अवस्थेत जावे लागते, आणि तेवढी ऊर्जा हाताच्या जोरात नसते. घट्टपणा तिथून येतो. ते गृहस्थ ठिपक्यांकडे बराच वेळ बघत राहिले, मग पाटीवर हलकेच बोटाने टकटक करून विचारले, “म्हणजे हे आत्ता लागतंय ते पण तेच?” होय, तेच.

२ मार्च, रविवार

सामान आवरले. स्प्रेडशीटची फाइल शेजारच्या दोन शाळांनी मागितली. दिली, आणि छर्रा बसवू नका एवढी एकच अट घातली.

पुढचा टप्पा ठरवला आहे. त्याच हायड्रोजनची उत्तेजित अवस्था, दुसऱ्या पातळीतली, दोन फुगीर भागांची. ती पसरट असते, म्हणून बोर त्रिज्या दोन सेंटीमीटरच धरायची आणि पाट्या सतरा घ्यायच्या, ३२ सेंटीमीटरच्या. हिशेबाप्रमाणे मधल्या पाटीवर हजारातले पाचच ठिपके येतात आणि सर्वांत दाट पाट्या मध्यापासून सहा सेंटीमीटरवर, दोन्ही बाजूंना. दोन भागांच्या मध्ये शक्यता शून्य असेल तर इलेक्ट्रॉन इकडून तिकडे जातो कसा, हे मुले विचारणार आहेतच. त्याची तयारी एप्रिलच्या परीक्षांनंतर. उद्यमनगरच्या दादांना अ‍ॅक्रिलिकचे माप कळवले आहे.